आज कुस्ती हाय का म्याच?

जेवण झालंय. भांडी मोरीत तशीच पडल्यात आन मी भाईरच्या खोलीत कॉटवर जरा आडवी झालेय. जरा म्हंजे जराच. चहाच्या वक्ताला सयाजी यायचाय, आन त्येच्या हातात मला आमच्या मालकांचा एक फोटो द्यायचाय. एकच. उशाला दोन ठेवलेत.

सयाजी आमच्या नागझरी तालमीचा सेक्रेटरी. तालमीची नवी इमारत झालीय, फरशी-बिरशी घालून, आन आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर गेलेल्या मल्लांचे फोटो लावायचे असं ठरलंय. आमचे हिंदुराव अतिग्रे पैलवान जाऊन वरीस उलटलं, तवा त्येंचाबी लागणार. आता कोल्हापुरात तालीम म्हंजे नुसती कुस्ती न्हवं, हे तुमाला म्हाईत असंल नसंल. खाली आखाडा असतोय आन त्याच तालमीची फुटबॉलची टीमबी असतीया. कोण मातीत लोळतोय, कोण बॉलमागं पळतोय. आमच्या मालकांनी दोन्ही केलं, आन तिथंच घोळ झालाय.

एका फोटोत त्ये लंगोटावर हायेत. खांद्यावर गदा, कान मोडलेले, मांड्या ह्या अशा. दुसऱ्यात अंगात टीमची जर्सी, खाली शिंप्याकडनं मुद्दाम शिवून घेतलेली हाफ पँट, कारण बाजारात त्या मापाची मिळालीच न्हाई, आन पायाखाली बॉल. तुकानाना म्हंत्यात, लंगोटावरचाच लागला पायजे. नाना त्येंच्या जोडीचे, दोघं एकाच मातीत वाढलेले. "वैनी, फुटबॉलनं आमचा मल्ल खाल्ला. त्यो जर्सीतला फोटो लागला तर मी तालमीची पायरी चढणार न्हाई," असं दारात उभं राहून सांगून गेले, चहाबी घेतला न्हाई. आन टीमची पोरं म्हंत्यात, "काकी, पगारावर फुटबॉल खेळायला मुंबईला गेलेला आपल्या गल्लीतला पयला गडी त्यो. जर्सीतलाच द्या, आमचा मान ऱ्हाईल."

दोन्ही बाजूंनी माज्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, बायको हाय, तिला म्हाईत असणार. आन मलाच म्हाईत न्हाई, सांगायचं कुणाला?

झालं असं. ह्येंच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती न्हवती, वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात कुस्ती धरायचे. एका वर्षी टीमचा बॅक, गोलापुढं आडवा उभा ऱ्हाणारा गडी, पाय मोडून बसला, तवा वस्तादांनी ह्येंला मैदानात नेलं आन सांगितलं, "हिंदू, तू काय करू नगंस, नुसता उभा ऱ्हा." हे उभे ऱ्हायले. समोरची पोरं बॉल घिऊन यायची, ह्येंच्यावर आदळायची आन बाजूला पडायची. लोकांनी डोक्यावर घेतलं. मग मुंबईच्या एका कंपनीनं नोकरी दिली, पगार दिला आन आपल्या टीममधी घेतलं. वाजवत गाजवत गेले. दिवाळीला गेले ते शिमग्याच्या आत पेटी घिऊन परत. "जेवण पटलं न्हाई," म्हणाले. एवढंच. मरेपर्यंत एवढंच.

खरं काय घडलं ते दुसऱ्यांच्या तोंडनं कळलं. एका मोठ्या म्याचला समोरचा गडी ह्येंच्या पुढ्यात उताणा पडला. बॉल त्येच्या पलीकडं. वरनं उडी टाकून बॉल मारायचा का न्हाई? ह्येंनी वाकून त्येला हात दिला आन उठवला, आखाड्यात हरलेल्याला उठवत्यात तसा. त्यो उठला, पळाला, आन त्येनंच गोल मारला! बास. तवापास्नं गल्लीत कुणाची सायकल पडू दे, कुणी दारू पिऊन गटारीत पडू दे, लोक वरडायचे, "पैलवान, उचला की!" आन हे खरंच जाऊन उचलायचे. माज्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुन्ना आखाड्यात उतरले न्हाईत, मैदानाकडं फिरकले न्हाईत. म्हशी पाळल्या आन दुधाच्या कट्ट्यावर नेऊन दूध इकलं, जन्म सारा.

तवा मला काय कळायला पायजे, तर मुंबईस्नं त्येंला हाकललं, का त्ये आपणहून आले. हाकललं असंल तर ती नाचक्की मी कायमची भिंतीवर कशी टांगू? आन हाकललं नसंल तर नानांच्या धाकानं ती जर्सी पुसून कशी टाकू? चहाच्या वक्तापातुर ठरवायचंय. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

गल्लीत पिठाची गिरण चालू हाय. तिचा पट्टा फटाक फटाक वाजतोय. मी डोळे मिटते. पट्ट्याचा आवाज जरा लांब जातोय, मग जवळ येतोय, आन मला वाटतंय, टाळ्या वाजाय लागल्यात. गिरणीत कोण टाळ्या वाजवंल, असा इचार येतोय आन त्यो इचार पुरा व्हायच्या आत कॉटची पायथ्याकडची बाजू करकरत खाली जातीया.

आमचे पैलवान बसलेत. पाठ माज्याकडं. लंगोट लावलाय आन डाव्या पायात फुटबॉलचा बूट हाय. उजवा पाय मोकळा. वाकून नाडी बांधतायत, पर बोटं जाड, नाडी सारखी सुटतीया.

"हौसे," मागं न बगता त्ये म्हंत्यात, "आज कुस्ती हाय का म्याच?"

"मला काय इचारताय? तुमीच सांगा की."

"आगं, मला म्हाईत असतं तर इचारलं असतं व्हय? एक बूट घातलाय. दुसरा घालू का ह्यो काढू?"

मला राग येतोय. इतक्या दिसांनी माणूस दारात येतंय, कशी हाइस, जेवलीस का, काय न्हाई. आल्या आल्या बूट!

"अवो, तुमी वारलाय," मी म्हंते.

"व्हय, त्ये म्हाईत हाय," त्ये म्हंत्यात. "पर बोलवणं आलंय. टाळ्या ऐकू येत न्हाईत व्हय तुला? कशाचं बोलवणं त्ये कळंना."

टाळ्या मलाबी ऐकू येत्यात. म्हंजे खोटं तरी कसं म्हणायचं. "बसा, बूट आणते," मी म्हंते आन उठते. दुसरा बूट पिठाच्या डब्यात हाय हे मला पक्कं म्हाईत हाय. कसं म्हाईत, ते इचारू नगा.

सैपाकघरात पाय टाकते तर पाय आत जातोय. खाली फरशीच न्हाई. ओटा जागच्या जागी, शेगडी जागच्या जागी, मांडणीत भांडी, आन खाली आखाड्याची तांबडी माती, मऊ, गार. आमचे मालक माज्याआदी पोचलेत. फावड्यानं माती उकरतायत. कवा उठले, कवा आले, काय कळत न्हाई. एका हातात माजं ताकाचं भांडं हाय आन त्ये मातीत वततायत.

"अवो, अवो! ते रातच्याला ठेवलंय!"

"मातीलाबी जेवाय लागतंय," त्ये म्हंत्यात. मग आखाड्याच्या मातीत घालत्यात तशी हळद टाकत्यात, लिंबं पिळत्यात, तेलाची बाटली उपडी करत्यात. गोडेतेल हाय, परवाच आणलेलं. मी कपाळावर हात मारून घेते.

"जित्तेपणी बदाम खाऊन घर खाल्लंत, आता मेल्यावर तेल बी न्हाई ठेवत."

त्ये हसत्यात. तसंच हसत्यात, खांदे हलवून, आवाज न करता. मला लई बरं वाटतंय. खिडकीला गजांच्या जागी गोलाची जाळी बांधलीय, जाळीत लाल मिरच्या वाळत घातल्यात. ह्यात मला काय वावगं वाटत न्हाई. मिरच्या घातल्या कुणी एवढाच परश्न पडतोय.

पिठाचा डबा उघडते. आत बूट न्हाई. पीठबी न्हाई. हातात बगते तर दोन फोटो हायेत, कवा आले हातात देव जाणे. आता आलेतच तर इचारून घ्यावं म्हणून मी त्ये पुढं करते.

"सयाजी येणार हाय. ह्यातला कंचा देऊ?"

त्ये हात लंगोटाला पुसत्यात आन फोटो जवळ धरून बगत्यात, मग लांब धरून बगत्यात. चष्मा न्हाई ना, आमी त्येंच्यासंगं दिला न्हाई.

"ह्यो कोण?"

"तुमी."

"आन ह्यो?"

"तुमीच की वो!"

"भाऊ भाऊ दिसत्यात," त्ये म्हंत्यात. "ह्येंला कायतरी खायला दे बग. प्वाट आत वढलंय बिचाऱ्यांनी."

"फोटोसाठी वढलंय त्ये!"

"दोघांनीबी वढलंय. दोघंबी उपाशी हायेत, हौसे."

आता ह्या माणसाशी काय बोलायची सोय हाय का? जित्तेपणी अशीच उत्तरं मिळायची. म्हस किती दूध देतीया म्हटलं तर म्हणायचे, तिच्या मनात असंल तेवढं.

"थट्टा पुरे," मी म्हंते. "नाना म्हंत्यात, फुटबॉलनं तुमाला खाल्लं."

"तुक्या म्हंतोय व्हय?" त्ये मूठभर माती घेत्यात आन बोटांतनं सोडत्यात. "त्येला सांग, मी लई मोठा घास हाय."

"मग मला खरं सांगा. आता तरी सांगा. मुंबईस्नं तुमाला हाकललं, का तुमी आपणहून आलासा?"

त्ये फावडं मातीत उभं रवत्यात. हसणं थांबतंय. कायतरी बोलणार, असं वाटतंय, आन त्ये कान टवकारत्यात.

"मागचं दार उघड," त्ये म्हंत्यात. "फोन वाजतोय."

मागचं दार म्हंजे गोठ्याचं. मी कडी काढते, दार लोटते, आन पलीकडं गोठा न्हाई. लांबलचक खोली हाय. एका बाजूनं वळीनं खिडक्या, खिडक्यांतनं वारं येतंय, खारट वासाचं. मुंबई ही, मला कुणी सांगाय नगं. मी कवा मुंबई बघितली न्हाई, तरी वळखते. पार त्या टोकाला भिंतीवर काळा फोन टांगलाय आन त्यो वाजतोय. आन मधी, भिंतीपास्नं भिंतीपातुर, कंपनीची पोरं आडवी निजल्यात. अंगाला अंग लावून. पाय ठेवायला जागा न्हाई.

आमचे मालक माज्या शेजारी उभे. अंगावर जर्सी हाय, ती शिवून घेतलेली हाफ पँट हाय, आन वय... वय लगीन झालं तवाचं. मी मातर आताचीच. पदराला हळद लागलीय. मला लाज वाटतीया, कुणी बघितलं तर आईसंगं आलाय म्हणंल.

"तुजा फोन हाय," त्ये म्हंत्यात. "तू दुकानातनं लावलायस."

"मी तर हितं हाय."

"व्हय, तूबी हितं हाइस," त्ये म्हंत्यात. दोघांना हे पटतंय आन फोन वाजतोयच.

"मग जावा की, उचला! ती दुकानात ताटकळली आसंल," मी म्हंते. ती म्हंजे मीच, पर मला तिची काळजी वाटतीया.

"कसा जाऊ? पोरं आडवी हायेत. वलांडू व्हय?"

न्हाई वलांडायचं. आमच्या घरात निजलेल्याला कुणी वलांडायचं न्हाई, पोराला तर न्हाईच न्हाई, वाढ खुंटती. माजी सासू असल्या बाबतीत लई कडक. चुकून कुणाचा पाय पडला पलीकडं, तर हातातलं काम टाकून वरडायची, "फिर माघारी, उलटा वलांड!" ह्येंच्या हाडातच मुरलं हुतं ते. पहाटं म्हशींकडं जाताना अंधारात भिंत चाचपत पोरांच्या डोक्याकडनं वळसा घालायचे, कवा सरळ गेले न्हाईत.

हितं तर वळसाबी न्हाई. त्ये वाकत्यात, पयल्या पोराच्या बगलेत हात घालून त्येला बसतं करत्यात. जागा झाली. पाऊल पुढं. दुसऱ्याला बसतं करत्यात. तिसऱ्याला करोस्तवर पयला पुन्ना आडवा. आता माघारीबी येता येत न्हाई, पुढंबी जाता येत न्हाई. मानंवरनं घामाच्या धारा. फोन वाजतोय.

"टीमचे साहेब म्हणायचे, पडलेल्यावरनं उडी मार, ह्यो खेळच तसला हाय," त्ये पोरांच्या मधी उभं राहून मला सांगत्यात. "मला शिकवायला चांगली पोरं मैदानात आडवी निजवायचे. म्हणायचे, अतिग्रे, मार उडी. मी पाय उचलायचो, हौसे. आईशप्पत उचलायचो. पाय वर गेला की आई वरडायची. मग पाय खालीच यायचा न्हाई. एका पायावर उभा ऱ्हायचो, पोरं निजल्या जागी हसायची."

"म्हंजे हाकललंच."

"त्येंनी जा म्हटलं न्हाई. मीबी जातो म्हटलं न्हाई. सकाळी बगतोय तर मी पेटी घिऊन ठेसनावर."

"असं कसं हुईल? कायतरी एक झालं आसंल ना!"

"तेच तर," त्ये म्हंत्यात, आन त्येंच्या तोंडाकडं बघवत न्हाई. "मी आलो का मला लावून दिलं? मला वाटलं हुतं, तुला म्हाईत आसंल. तुला इचारायचं इचारायचं म्हणून ऱ्हाऊन गेलं."

मी इतकी वर्सं त्येंला इचारायचं म्हणून बसलेय आन त्ये मला इचारायचं म्हणून बसलेत. आता ह्येला काय म्हणायचं?

"मग जेवण पटलं न्हाई म्हणालासा, त्ये?"

"त्ये खरंच हुतं गं. रोज आपलं माशाचं कालवण."

"रडलासा?"

"गाडीत. कराडपातुर. मग तू दारात असणार म्हणून नळावर तोंड धुतलं."

ताडताड जाऊन त्येंच्या छातीवर बुक्क्या माराव्या असं वाटतंय, पर मधी पोरं निजल्यात आन मलाबी वलांडायचं न्हाई. मी दारातनंच वरडते.

"मला सांगायचं न्हाई व्हय हे? म्हशींच्या कानात सांगितलं आसंल, बायकोला न्हाई!"

"म्हशी हसत न्हाईत," त्ये म्हंत्यात.

"मी हसले असते?"

त्ये वाकून आणिक एका पोराला बसतं करत्यात.

"राग राग केला मी, लई केला. लोकांचा केला, तुमचाबी केला. पर हसले न्हाई. एकदाबी न्हाई. तुमाला वाटलं मी हसंन?"

त्ये तोंड उघडत्यात आन फोन बंद पडतोय. मग एवढी शांतता हुतीया की मला माजाच श्वास ऐकू येतोय. मग कुणीतरी शिट्टी मारतंय.

शिट्टी पंचाची हाय. मी मैदानाच्या मधोमध उभी हाय. चारी बाजूंनी माणसं, कठड्यावर माणसं, झाडावर माणसं. माज्या पायापुढं बॉल. आन उजव्या पायात त्यो बूट, म्हंजे हितं हुता म्हणायचा. डाव्या पायात माजी चप्पल.

"वैनी, हिकडं मारा!" तुकानाना वरडतायत. लंगोटावर हायेत, ह्या वयात, आन बगलेत फोटोची काचेची चौकट. "काकी, हिकडं!" टीमची पोरं वरडतायत. त्येंच्याबी बगलेत चौकटी. सयाजी शिट्टी घिऊन माज्यामागं पळतोय आन म्हंतोय, "वैनी, कंचा? वैनी, कंचा?" दोन्ही टोकांना गोल हायेत, आन आपला कंचा त्ये मला कुणी सांगितलेलं न्हाई. मी एकदा हिकडं पळते, एकदा तिकडं. लोक वरडतायत. कुणाच्या बाजूनं वरडतायत कोण जाणे. बूट मोठा, लुगडं पायात येतंय, आन मी पडते.

पाठीवर पडते. सपाट. आखाड्यात असते तर हरले असते. वर आभाळ. नाना माज्यावरनं उडी टाकून जात्यात. पोरं उडी टाकून जात्यात, एकामागनं एक, माज्या तोंडावरनं त्येंच्या सावल्या. सयाजीबी जातोय. एक माणूस थांबत न्हाई. मला उठायचंय, पर अंगात बळ न्हाई, आन मला भ्या वाटतंय की म्याच संपंल, माणसं घरला जातील आन मी हितंच पडून ऱ्हाईन.

मग जमीन हादरतीया. धप, धप, धप. त्ये येतायत. माज्या डोक्याशी उभे ऱ्हात्यात, ऊन त्येंच्या मागं, अंगावर काय हाय त्ये दिसत न्हाई. लंगोट का जर्सी, काय कळत न्हाई. नुसते मोडके कान दिसत्यात.

"पैलवान, उचला की!" कठड्यावरनं कुणीतरी वरडतंय. मग सगळं मैदान हसतंय.

त्ये वाकत्यात.

"अवो, बॉल! बॉल तिकडं गेला!" मी म्हंते. "माजं सोडा, तुमी बॉल बगा!"

"जाऊ दे त्यो बॉल. हात दे."

"लोक हसत्यात वो."

"हसू देत." त्ये माजं मनगट धरत्यात. "त्या गड्याला उठवला ना, तवा त्येनं माजा हात दाबला, हौसे. आखाड्यात जोडीचा गडी दाबतोय तसा. त्येला कळलं हुतं. मग पळाला. मग मारला की गोल, भाड्यानं!"

आन त्ये हसत्यात. खांदे हलवून. मीबी हसाय लागते, पडल्या पडल्या, डोळ्यांतनं पाणी कानात जातंय. ह्या एका गोष्टीवर आमी दोघं मिळून कवाच हसलो न्हवतो.

"दुखतंय, हळू धरा."

"दुखणारच. उठ."

"पर आज काय हाय त्ये तरी सांगा. कुस्ती का म्याच?"

त्ये कायतरी म्हंत्यात. तोंड हलतंय, मला दिसतंय. पर टाळ्या एवढ्या वाजतायत, एवढ्या वाजतायत, फटाक फटाक फटाक, की एक अक्षर ऐकू येत न्हाई, आन त्ये हिसका देऊन मला वर वढत्यात.

मी बसलेय. कॉटवर, पाय खाली सोडून, ताठ. गिरणीचा पट्टा वाजतोय. खोलीत कोण न्हाई. पायथ्याची गादी सपाट हाय, मी हात फिरवून बगते.

"वैनी! अवो वैनी!" दारावर थाप पडतीया. सयाजीच.

पदरानं तोंड पुसायला हात वर करते, आन हात तसाच ऱ्हातोय. उजव्या मनगटावर वळ हायेत. लाल, ताजे. एका अंगाला आंगठ्याचा, दुसऱ्या अंगाला बोटांचे. झोपंत हात अंगाखाली आला आसंल, मी मनाशी म्हंते. मग डाव्या हातानं तिथंच धरून बगते. माजी बोटं त्या वळांत निम्मीबी भरत न्हाईत.

मी दार उघडते. सयाजी उंबऱ्याच्या भाईर उभा, चपला काढून. घाबरल्यागत दिसतोय, दोन्हीकडनं त्येलाच बोलणी खायचीत बिचाऱ्याला.

"ठरलं का वैनी? कंचा?"

मी आत जाऊन उशाचा एक फोटो उचलते आन त्येच्या हातात देते. त्यो बगतोय. जर्सी, हाफ पँट, पायाखाली बॉल. त्येचा चेहरा पडतोय.

"आता नानांना काय सांगू मी? त्ये पायरी चढायचे न्हाईत."

"नानांना सांग," मी म्हंते, आन माजा आवाज मलाच जरा मोठा वाटतोय, "आखाड्यात पडलेल्याला समदेच उठवत्यात. तिथं रिवाजच हाय तसा. मैदानात कोण उठवत न्हवतं. तिथं ह्येंनी उठवला."

"त्ये खरं वो. पर त्याच गोष्टीला तर लोक हसत्यात."

"हसू देत."

सयाजी फोटो बगलेत मारतोय, निघायला वळतोय, आन त्येची नजर माज्या हातावर जातीया.

"वैनी, मनगटाला काय झालं?"

"पडले हुते," मी म्हंते. "ह्येंनी उठवलं."